रविवारी थांबलेल्या गाड्या

जानरावच्या अंगावर वीज पडली तो रविवार होता, आणि गाड्या शालिकरामसाठी थांबल्या होत्या. पुढे अमरावतीत जी काही बोलणी झाली ती या दोन गोष्टींवरूनच झाली.

ती वर्षे कापसाची होती. अमेरिकेत गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडातल्या बोंडाला कोणी स्वप्नातही पाहिला नव्हता असा भाव आला होता. ज्याच्या दारी बैलजोडी, तो माघ-फाल्गुनात घरी बसत नव्हता. अमरावतीला कापसाचे बोरे भरायचे, बडनेरा आणि मूर्तिजापूर मागे टाकून काटेपूर्णा ओलांडायची, आणि अकोल्याला व्यापाऱ्याच्या वखारीत माल उतरवायचा. वाट लांबची आणि लुटारूंची. कोणी एकटा निघत नसे. पंधरा-वीस गाड्या मिळून एक संगत व्हायची, आणि संगतीचा कायदा एकच होता: सगळ्यांनी बरोबर निघायचे, सगळ्यांनी बरोबर पोचायचे. एकाचा आख मोडला तर सगळ्यांनी बैल सोडायचे. जो दुसऱ्याला मागे टाकून गेला, त्याला पुढच्या खेपेला कोणी सोबत घेत नसे.

शालिकराम जातीचा माळी. बडनेऱ्याच्या वाटेवर त्याचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता आणि मळ्याच्या कडेला थोडा कापूस. दोन वर्षांपूर्वी त्याने आणि त्याच्या बायकोने, सुभद्राने, ख्रिस्ती शाळा चालवणाऱ्या गोवर्धन मास्तरांच्या हातून बाप्तिस्मा घेतला होता. त्या दिवसापासून भावांनी त्याला वेगळे काढले आणि घरची विहीर बंद केली. सुभद्रा मास्तरांच्या अंगणातल्या विहिरीवरून पाणी आणू लागली. अमरावतीतली ख्रिस्ती मंडळी म्हणजे मास्तरांचे धरून तीन घरे. त्या तीन घरांबाहेर शालिकरामला कोणी पाटावर बसवत नव्हते.

अपवाद फक्त जानरावचा. जानराव कुणबी, शालिकरामचा लहानपणापासूनचा सोबती. त्यानेच शालिकरामला संगतीत घेतले. संगतीचे म्होरके नत्थुजी म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी निघताना विचारले होते, "अन् याच्या रविवारचं काय?"

"रविवारच्या आधी पोचतो आपन," जानराव म्हणाला होता. "अन् नाई पोचलो तं मी हावो ना."

पोचले नाहीत. मूर्तिजापूरला खुद्द नत्थुजींच्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निसटली, लोहार शोधण्यात आणि ती बसवण्यात दिवस गेला. शनिवारी संध्याकाळी संगत काटेपूर्णेच्या अलीकडच्या आमराईत उतरली. अकोला एका मजलेवर राहिले होते. सकाळी सगळ्यांनी बैल जुंपायला घेतले, शालिकराम मात्र घोंगडीवर बसून राहिला.

"काय गा शालिकराम," नत्थुजींनी विचारले, "बैल बिमार हायेत का तू?"

"आज रविवार हाय, नत्थुजी."

"मंग अकोल्यात काय सोमवार हाय?"

लोक हसले. कोणी म्हणाले, "याच्या देवाले निरोप धाडा. आज कापूस हाय म्हना, उद्या ये." शालिकराम मान खाली घालून बसला. त्याने भांडण केले नाही, पण तो उठलाही नाही. तेव्हा जानरावने आपल्या बैलांच्या मानेवरचे जू खाली ठेवले.

"मूर्तिजापूरले तुमच्या चाकापायी थांबलो का नाई, नत्थुजी? कोनी काई म्हनलं? आज याच्या देवापायी थांबू. देव काय चाकाहून हलका हाय?"

"चाक दुरुस्त होते बापा," नत्थुजी म्हणाले. "देव दुरुस्त होत नाई." पण कायदा त्यांनीच लोकांना शिकवला होता. त्यांनी हात वर केला आणि सगळ्यांनी बैल सोडले.

दुपारी फार उकडू लागले. पश्चिमेकडून काळे ढग वर येत होते, पण फाल्गुनात पावसाला कोण भितो? लोक गाड्यांखाली सावलीत आडवे झाले. शालिकराम प्रार्थनेसाठी नदीच्या वाळूत जायला निघाला. त्याला वाचता येत नव्हते. मास्तरांकडून ऐकून पाठ झालेले तो म्हणत असे. जानराव उठून म्हणाला, "मीबी येतो. त्या दिवशीची तुही गोष्ट अर्धीच राह्यली."

"तू येऊ नको. माहे बैल तेवढे पान्यावर ने," शालिकराम म्हणाला. "आज मले कासरा हाती धरता येत नाई."

शब्बाथच्या, म्हणजे रविवारच्या, दिवशी काम करायचे नाही, असे मास्तरांनी शिकवले होते. काम नाही म्हणजे कोणतेच नाही, असे शालिकराम समजत होता. दोन वर्षे रविवारी तो खुरपे धरत नव्हता, दोर ओढत नव्हता, गाठसुद्धा सोडत नव्हता.

"तुह्या देवानं तुले लई सुखात ठेवलं बुवा," जानराव हसत म्हणाला, आणि शालिकरामचे बैल घेऊन गेला. त्याचे शालिकरामशी तेच शेवटचे बोलणे.

बैल पाणी पिऊन परत येत होते. आमराईच्या कडेच्या झाडाखाली जानराव थांबला, तेवढ्यात वीज पडली. वाळूत गुडघे टेकून बसलेला शालिकराम उताणा फेकला गेला. उठून धावला तेव्हा झाड मधोमध चिरले होते. जानराव खाली पालथा पडला होता आणि त्याच्या मनगटाला कासऱ्याचा वेढा तसाच होता. कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला शालिकरामचा उजवा बैल मरून पडला होता. डावा बैल नदीकडे पळाला. गाड्यांखालच्या माणसांना काही झाले नाही. पाऊस तर आलाच नाही.

जानरावला मुलगा नव्हता. नत्थुजींनीच काटेपूर्णेच्या काठी त्याला अग्नी दिला. कापूस थांबत नसतो. दोघांचा माल बाकीच्या गाड्यांत भरून संगत अकोल्याला गेली, आणि शालिकराम जानरावच्या रिकाम्या गाडीत त्याचे पागोटे ठेवून एकटा अमरावतीला परतला.

जानरावच्या बायकोने, दुर्गाबाईने, पागोटे हातात घेतले आणि ती आधी रडली नाही. तिने विचारले, "काय करत होते ते?"

शालिकरामने सगळे सांगितले, काहीही वगळले नाही.

"म्हंजे तुमचे बैल होते, भाऊजी."

"हो, वहिनी."

"बरं," ती म्हणाली. मग ती आत गेली आणि आतून रडण्याचा आवाज आला.

वीज पडून मेलेल्या माणसाबद्दल वऱ्हाडात लोक बरे बोलत नसत. साप चावला तर नशीब म्हणत, बुडाला तर पाण्याची ओढ म्हणत. पण वीज, ती वरून नेम धरून येते. ती कोणाला उगाच शोधत नाही. दोन दिवसांत गल्लीत सुरू झाले, की जानरावचे काहीतरी असले पाहिजे. कोणी म्हणाले, त्याने कोणाची तरी शीव चोरून नांगरली असेल. कोणी म्हणाले, ख्रिस्तावाच्या मांडीला मांडी लावून जेवत होता ना? जानरावचा थोरला भाऊ खुशालराव भावजयीला म्हणाला, "तेरवीचं निमंत्रन मी कोन्या तोंडानं देऊ? लोक आले नाई तं काय करू? वाढलेली पानं गाईंले टाकू?"

तेरवीला, तेराव्या दिवसाच्या जेवणाला, जात जेवली नाही तर मेलेला माणूस जातीबाहेर मेला असे होते. मग त्याच्या मुलीला स्थळ येत नाही, त्याच्या बायकोला कोणी हळदीकुंकवाच्या घरात तर नाहीच, दुःखाच्या घरातही बोलवत नाही. वच्छला, जानरावची मुलगी, तेव्हा सात वर्षांची होती. शालिकरामच्या सांगण्यावरून जानराव तिला गोवर्धन मास्तरांच्या शाळेत पाठवत असे.

दुसऱ्या बाजूने मंडळीतही बोलणे सुरू झाले होते. मास्तर दर बाजारच्या दिवशी कापसाच्या बाजारात उभे राहून उपदेश करत. त्या आठवड्यात त्यांनी सांगितले, की आमचा एक भाऊ रविवार पाळून प्रार्थनेला बाजूला गेला आणि देवाने त्याला मरणाच्या दाढेतून राखले. संध्याकाळपर्यंत बाजाराने त्याचा अर्थ लावला: प्रार्थना करणारा वाचला, न करणारा मेला. जानराव पापी होता हे आता देवळातले लोकही म्हणत होते आणि ख्रिस्तीही.

दुर्गाबाईने वच्छलाला पाठवून शालिकरामला बोलावले. सुतकात होती म्हणून ती दाराआडून बोलली.

"रविवारी तुमच्यात सगये उठून सांगतात ना, देवानं काय केलं ते? पंजाबराव पाटील येऊन राह्यले म्हनतात ऐकाले."

ते खरे होते. पंजाबराव पाटील कुणबी जातीतले मोठे माणूस; कापसावर त्यांचे नशीब फळफळले होते. असा देव कोणता, जो आपल्या माणसाला विजेतून उचलून घेतो, हे त्यांना पाहायचे होते. त्यांच्या स्वतःच्या गाड्या रोज त्याच वाटेने जात होत्या.

"पाटील तेरवीले आले तं जात येईन," दुर्गाबाई म्हणाली. "तुमी फक्त खरं सांगा. ते तुमच्यासाठी थांबले होते. तुमचे बैल त्याइच्या हाती होते. त्याइचं काई पाप नोतं. मले दुसरं काई नाई पायजे, भाऊजी. पैसा नाई पायजे, दाने नाई पायजेत."

"सांगतो," शालिकराम म्हणाला.

घरी सुभद्राने ते ऐकले आणि भाकरी थापता थापता तिचे हात थांबले. "सांगा, पन जपून सांगा," ती म्हणाली. "मास्तरच्या मनाइरुद्ध काई बोलू नका. आपल्याले तीन घरं हायेत. उद्या ते बी गेले तं पानी कोठून आनू मी?"

शालिकराम दुसऱ्या दिवशी शाळेत गेला. गोवर्धन मास्तर नगरकडचे, पन्नाशीचे, अत्यंत शांत. मुलांवर ते कधी ओरडत नसत. एखादी गोष्ट एका रीतीने कळली नाही तर दुसऱ्या रीतीने सांगत, मग तिसऱ्या. त्या दिवशी ते सांगत होते, की एक चिमणी जमिनीवर पडली तरी देवाला ते ठाऊक असते.

एका मुलीने विचारले, "मंग तो झेलते का तिले?"

"झेलतो असं लिहिलेलं नाही," मास्तर म्हणाले. "त्याला ठाऊक असतं, इतकंच लिहिलंय."

"नुसतं ठाऊक असून काय फायदा?"

"मलाही पुष्कळदा तसंच वाटतं," मास्तर म्हणाले. "आपण दोघं विचार करू. उद्या पुन्हा बोलू."

मुले गेल्यावर शालिकरामने आपले म्हणणे मांडले. जानरावच्या हातात कासरा का होता ते सांगितले. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले, ते खोटे नव्हते. पण ते म्हणाले, "शालिकराम, देवानं तुला राखलं हेही खरंच आहे ना? तेही सांगितलं पाहिजे. पंजाबरावांसारखा माणूस आपल्या दारात कधी आला होता?"

"मास्तर, आता पोरांले जे सांगितलं तेच रविवारी मोठ्यांले सांगा."

"मुलांना उद्या पुन्हा सांगता येतं रे. पंजाबराव एकदाच येणार."

रविवारी मास्तरांची पुढची खोली भरली. पंजाबराव आत आले नाहीत. ओसरीवर स्वतःची घोंगडी टाकून बसले. त्यांच्या मागे बाजारातले दहा-बारा लोक उभे होते. आणि अंगणाच्या अगदी कडेला, कोणाला शिवणार नाही अशी, डोक्यावरून पदर घेतलेली दुर्गाबाई उभी होती. सुतकातल्या बाईने उंबरा ओलांडायचा नसतो. लोकांनी तिच्याकडे पाहिले आणि मग पाहिले नाही असे केले.

मंडळीतली रीत अशी, की प्रार्थना झाल्यावर प्रत्येक घरातल्या एकाने उठून साक्ष द्यायची. या आठवड्यात देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगायचे. एका म्हातारीने सांगितले, तिचा खोकला उतरला. एकाने सांगितले, हरवलेली शेळी सापडली. मग शालिकराम उभा राहिला.

"माह्यापायी गाड्या थांबल्या," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका लहान होता की ओसरीवरचे लोक पुढे सरकले. "सगयी संगत निघाली होती. जानरावनं माह्यासाठी जू खाली ठेवलं, म्हनून सगये थांबले. मंग मी त्याले माहे बैल पान्यावर न्याले सांगितलं. कासरा माह्या हाती असाले पायजे होता, तो त्याच्या हाती होता. तो मेला तवा माहं काम करून राह्यला होता. त्याचं काई पाप नोतं. मले एवढंच सांगाचं हाय."

अंगणात दुर्गाबाईने मान वर केली. तिला हवे ते सगळे त्यात होते. शालिकराम खाली बसायला वाकला.

"थांब गा," ओसरीवरून पंजाबराव म्हणाले. "बैल कोनाचे?"

"माहे, पाटील."

"रोज पान्यावर कोन नेते त्याइले?"

"मीच."

"मंग झालं तं! वीज तुह्याच नावाची निघाली होती." पंजाबरावांनी मांडीवर थाप मारली. "तुह्या देवानं तुले बाजूले काढलं अन् त्याले ठेवलं तुह्या जागी. बदली दिली!"

"मले नाई मालूम, पाटील. मी तसं..."

पण पंजाबरावांच्या मागचे लोक माना डोलवू लागले होते. हा हिशेब त्यांना पटला होता. आणि गोवर्धन मास्तरांचा चेहरा उजळला. मास्तर वाईट माणूस नव्हते. वीस वर्षे ते बाजारात उभे राहून ओरडले होते, लोकांनी त्यांच्यावर शेण फेकले होते. आज प्रथमच बाहेरचा एक मोठा माणूस आपण होऊन म्हणत होता, की हे देवाने केले. ते उभे राहिले आणि त्यांनी एका बापाची जुनी गोष्ट सांगितली. देवाच्या सांगण्यावरून बापाने आपल्या मुलाला वेदीवर बांधले, सुरी उचलली, आणि देवाने त्याचा हात थांबवून झुडपात अडकलेला एक मेंढा दाखवला. मुलगा सुटला, मेंढा कापला गेला.

"देव आपल्या माणसाला असा सोडवतो," मास्तर म्हणाले, "आणि त्याच्या जागी दुसरं काही देतो."

"आमेन," मंडळी म्हणाली. म्हातारीने गीत सुरू केले, बाकीच्यांनी उचलले. शालिकराम मध्येच "नाई, मास्तर, तसं नाई" म्हणत होता, पण त्याच्या शेजारी उभी असलेली सुभद्रासुद्धा गात होती, आणि गाता गाता त्याची बंडी धरून त्याला खाली ओढत होती.

दुर्गाबाई ओसरीच्या पायरीपर्यंत आली. आधी ओसरीवरचे लोक बाजूला झाले, मग दाराजवळचे गाणारे गप्प झाले, आणि शेवटी म्हातारीला कळले की आपण एकटीच गात आहोत.

"मास्तर," दुर्गाबाई म्हणाली, "मेंढा होता का माहा मानूस?"

"बाई, माझा अर्थ तसा नव्हता."

"मंग कसा होता?"

जो माणूस मुलांना एकच गोष्ट चार रीतींनी समजावून देत असे, तो एक रीत धरून बोलू लागला आणि ती अर्ध्यातच सोडून दुसरी शोधू लागला.

"तुमच्या देवाले याले वाचवाचं होतं तं वाचवावं," ती म्हणाली. "मी नाई म्हनत नाई. याच्या घरीबी बाई हाय. पन त्याच्या जागी बैल तं गेला ना? एका बैलावर नाई भागलं तुमच्या देवाचं? मानूसच लागला?"

तिने शालिकरामकडे पाहिले, आणि ती निघून गेली.

पंजाबराव उठले, घोंगडी झटकून खांद्यावर टाकली. "मास्तर, तुमचा देव लई कामाचा हाय," ते म्हणाले. "खरं सांगतो, तुमच्यात येन्याचा इचार येऊन गेला माह्या मनात. पन बाईचं ऐकलं अन् वाटलं, याच्या भक्तानं खुशाल राहावं, शेजाऱ्यानं जपून राहावं. अन् आमी सगये शेजारीच." बाजारातले लोक खो खो हसले आणि त्यांच्या मागोमाग गेले.

त्यानंतर संगतीत शालिकरामला कोणी घेतले नाही. नत्थुजी अकोल्याहून परतले, त्यांनी त्याच्या मालाचा व्यवहार चोख केला, पण म्हणाले, "मी नाई मानलं तरी लोक ऐकतीन का? ते म्हनतात, याच्या देवाले बदली लागते. आता तुह्या शेजारी गाडी कोन सोडन?"

बुधवारी शालिकराम मळ्यात मिरचीला पाणी देत असताना मास्तर स्वतः चालत आले. त्यांच्या काखेत पुस्तक होते. ते बांधावर बसले.

"शालिकराम, मी चुकीची गोष्ट सांगितली," ते म्हणाले. "सांगायची होती ती दुसरीच होती. लोकांनी प्रभूला विचारलं होतं, अमक्यांवर असं मरण आलं, ते पापी होते का? तेव्हा त्यानंच एका बुरुजाची आठवण दिली. तो कोसळून अठरा माणसं मेली होती. प्रभू म्हणाला, ती शहरातल्या दुसऱ्या कोणाहून जास्त पापी होती असं समजू नका."

"अन् मंग ते काहून मेले म्हनलं त्यानं?"

"ते नाही सांगितलं."

शालिकरामने वाफ्याकडे जाणाऱ्या पाण्याचे बारे बंद केले आणि तो बांधावर आला. "हे तुमाले तवा मालूम होतं?"

"होतं."

"मंग काहून नाई सांगितलं?"

"कारण त्यात देवानं काय केलं ते नाही," मास्तर म्हणाले. "ते पापी नव्हते, इतकंच आहे. पंजाबराव काहीतरी ऐकायला आले होते. इतक्यानं त्यांचं काय झालं असतं?"

"मले इतकंच पायजे होतं, मास्तर. वहिनीलेबी इतकंच पायजे होतं." तो घाम पुसत खाली बसला. "वाचून दाखवा. पाठ करतो, अन् तिले जाऊन सांगतो."

मास्तरांनी पुस्तक उघडले आणि सावकाश वाचले. शालिकराम ओठ हलवत मागून म्हणत गेला. मास्तर वाचता वाचता त्याच पानावर पुढे गेले आणि एकदम थांबले.

"थांबले काहून? वाचा ना."

"पुढचं वेगळं आहे."

"वाचा, मास्तर."

मास्तरांना खोटे बोलता येत नव्हते. पुढे असे होते, की शब्बाथच्या दिवशी एका आजारी बाईला बरे केले म्हणून लोक प्रभूवर रागावले. तेव्हा त्याने त्यांना विचारले: शब्बाथ असला तरी तुमच्यातला प्रत्येक जण आपला बैल गोठ्यातून सोडून पाण्यावर नेत नाही का?

शालिकरामने ते शब्द मागून म्हटले नाहीत. त्याने विचारले, "म्हंजे नेता येते?"

"येतं."

"रविवारी? हाती कासरा धरून?"

"येतं, बाळा. त्यात कधीच पाप नव्हतं. तू असं समजून बसला आहेस हे मला ठाऊक असतं तर..." मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिले. शालिकरामने हात झटकला नाही आणि धरलाही नाही. मिरचीचा शेवटचा वाफा त्या दिवशी कोरडाच राहिला.

तेरवीला जात आली. पंजाबराव पाटलांनी गावात सांगितले होते, जानरावचे काही पाप नव्हते. तो ख्रिस्तावाच्या देवाच्या बदलीत गेला. एवढे लोकांना पुरले. पंगतीवर पंगती उठल्या. खुशालराव तूप वाढताना हसतसुद्धा होता. पाटलांनी दुसऱ्यांदा वरण मागितले.

शालिकरामला बोलावणे नव्हते. तो समोरच्या भिंतीपाशी उभा होता. शेवटची पंगत उठल्यावर दुर्गाबाई उष्ट्या पत्रावळी घेऊन बाहेर आली, तेव्हा तो पुढे झाला.

"वहिनी, आमच्या पुस्तकात लिहिलं हाय. एक बुरूज पडून मानसं मेली, तं ते काई दुसऱ्याहून जास्त पापी नोते. प्रभूनंच सांगितलं हाय तसं. मास्तरनं वाचून दाखवलं."

ती पत्रावळी हातात धरून उभी राहिली. "कधी दाखवलं?"

"परवा."

"तुमाले परवा समजलं," ती म्हणाली. "मले त्याच दिवशी मालूम होतं. पागोटं हाती घेतलं तवाच."

त्याने मान खाली घातली.

"वच्छला आता शाळेत येनार नाई. मास्तरले सांगजा."

"सांगतो." मग तो म्हणाला, "वहिनी, आनखी एक लिहिलं हाय, त्याच पानावर."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले. काय पाहिले कोण जाणे, पण ती एक पाऊल मागे सरली.

"जे काई असन ते तुमच्यापाशीच राहू द्या, भाऊजी. तुमच्या पुस्तकातलं मले आता आनखी काई नका सांगू."

पत्रावळी टाकून ती आत गेली. जेवून निघालेले लोक हात पुसत, ढेकर देत दारातून बाहेर येत होते. गल्ली अरुंद होती, आणि शालिकराम तिच्या मधोमध उभा होता. अंग चोरून, त्याला धक्का लागणार नाही अशा बेताने, ते एकेक करून त्याच्या बाजूने निघून गेले.